कडक मावशीची काठी

रंगमंचावर मी तीस वर्षं राजे केले आणि त्या सगळ्या राजांचे अंगरखे एकाच बाईनं धुतले. अख्खी गल्ली तिला कडक मावशी म्हणते. कपड्यांना लावायच्या खळीमुळे की जिभेमुळे, हे विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. मला ती ‘राजे’ म्हणते आणि त्याच दमात सांगते, "राजे, ती बादली जरा सरकवा."

तिच्या लाँड्रीमागे अंगण आहे. भिंतीत खिळ्यांच्या तीन रांगा आहेत: उन्हाळ्याची, थंडीची आणि मधल्या दिवसांची. ऊन सरकतं तशी मावशी दोरी सरकवते. दोरीला टेकू द्यायला बांबूची काठी असते. तिची सावली बघून मावशी वेळ सांगते आणि ती सहसा चुकत नाही.

मागच्या थंडीत शेजारच्या जुन्या गोदामाच्या जागेवर घरं आणि ऑफिसं बांधायचा प्रस्ताव नगरपालिकेत आला. ऑफिसांची अकरा मजली इमारत नेमकी अंगणाच्या कडेला येणार होती. सूचना फलकावरचा नकाशा मावशीनं बराच वेळ पाहिला.

"माझं ऊन गेलं तर मी कपडे काय फुंकर मारून वाळवू?"

तिनं हरकत नोंदवली. सुनावणीत बोलायला तीन मिनिटं मिळणार होती. भाषण अर्थातच मी लिहिलं आणि इस्त्रीच्या टेबलासमोर तिच्याकडून सुरुवातीचं वाक्य दहादा म्हणवून घेतलं.

साडेनऊच्या सुनावणीला ती काठी घेऊनच आली. शिपायानं दारात अडवलं. "मावशी, काठी बाहेर ठेवा."

"मारायला नाही आणली रे बाबा. साक्षीला आणलीय."

काठी बाहेर राहिली. मावशीची पाळी आली तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. तिनं चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माननीय अध्यक्ष महोदया, इथे थांबून समोर करुण नजरेनं पाहावं."

आम्हा नाटकवाल्यांची खोड. कंसात सूचना लिहिल्याशिवाय मला वाक्यच सुचत नाही. सभागृह खो खो हसलं आणि मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. मावशीनं मात्र त्या कागदाची घडी घातली, रुमालाची घालते तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"हे राजांचं झालं. आता माझं ऐका. घरांना माझी ना नाही. माणसं आली की कपडे येतात. पण नकाशात सावली दाखवलीय एवढीशी. ती मे महिन्यातली, भर दुपारची. या दिवसांत सकाळी दहाला माझ्या काठीची सावली काठीच्या दीडपट पडते. अकरा मजल्यांची कुठवर जाईल? माझं अंगण झाकेलच, पण तुम्ही मुलांसाठी दाखवलेलं मैदानही झाकेल. पोरांनी काय थंडीत कुडकुडत खेळायचं?"

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. "दहाच वाजलेत. चला, बघू या."

सगळं सभागृह नगरपालिकेच्या आवारात उतरलं. ज्यानं काठी अडवली होती, त्याच शिपायाला ती उभी धरावी लागली. बिल्डरच्या तरुण आर्किटेक्टनं स्वतःच्या टेपनं मोजमाप घेतलं. काठी आठ फूट, सावली बारा फूट दोन इंच.

"दोन इंच जास्त भरतात," तो म्हणाला.

"यानं काठी वाकडी धरलीय," मावशी म्हणाली.

शिपाई ताठ झाला. आर्किटेक्टनं पुन्हा मोजलं आणि हसत मान डोलावली. समितीनं आराखडा परत पाठवला. उंच इमारत रस्त्याच्या बाजूला न्या, बुटकी घरं अंगणाच्या बाजूला आणा आणि थंडीतली सावली दाखवा, असा शेरा मारून.

दोन महिन्यांनी सुधारित नकाशा मंजूर झाला. त्याची प्रत आर्किटेक्ट स्वतः घेऊन आला, सोबत धुवायला सहा शर्टही. पूर्वी जिथं नुसता कोरा चौकोन होता, तिथं आता ‘कपडे वाळवण्याचं अंगण’ असं लिहिलं होतं. मावशीनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं. डोळे पाणावले होते, पण कबूल करेल तर ती मावशी कसली?

"साहेब, एक राहिलं."

"काय, मावशी?"

"दोऱ्या कुठायत?"

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि तिच्या इस्त्रीच्या टेबलावर वाकून अंगणात तीन रेघा ओढल्या.