देवाचं लोणी आणि लाल ठेचा

टीव्हीवरच्या मालिकेतली सून सासरी निघाली तरी पदर डोळ्यांना लावणारी मी बाई. आणि आमचे हे गेले, तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. श्रावणात, बसल्या जागी, अर्धा चहा पिऊन गेले. लोक आले, रडले, मी सगळ्यांना चहा करून दिला. कुणी हळू आवाजात म्हणालं, धक्का बसलाय बिचारीला. कुणी त्याहून हळू आवाजात वेगळंच काही म्हणालं, तेही मला ऐकू आलं. लोकांचं सोडा, मला माझीच भीती वाटायला लागली होती. ज्या माणसाशी जन्मभर हौसेने भांडले, त्याच्यासाठी रडू येत नाही, म्हणजे आतलं सगळं आटलं की काय? जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि हे कुणाला सांगायचं, तर ज्याला सांगायचं तोच निघून गेलेला.

दिवाळी अशीच गेली. दिवस आखूड झाले, सहालाच अंधारून यायचं आणि दिवा लावायच्या वेळी घर खायला उठायचं. पहाट त्याहून वाईट. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात काकडा असतो, आणि ह्यांनी तो कधी चुकवला नव्हता. परत आले की देवापुढचं लोणी-साखर बोटावर घेऊन, मी गोधडीत असतानाच, गार हाताने माझ्या ओठांना लावायचे. मी ओरडायचे, "निदान हात तरी शेकून या!" आता पहाटे टाळ वाजायला लागले की मला जाग यायची आणि मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. विठोबाशी बोलणं मी बंदच केलं होतं. त्याने आधी विचारायला हवं होतं.

अशात माझी मोठी नणंद, आक्का, म्हसावदहून राहायला आली. आली ती एकच मोहीम घेऊन, मला रडवायची. भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, त्याचा शर्ट काढून माझ्यापुढे धरायची, आणि शेवटी स्वतःच हुंदके द्यायला लागायची. मग मी तिलाही चहा करून द्यायचे. "इतलं पोटमा दाबी ठेवशी तं तुन्हं कायीज फुटी जाई," ती म्हणायची. एका संध्याकाळी तिने शेवटचं हत्यार काढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ओल्या लाल मिरचीचा ठेचा, ह्यांच्या आवडीचा. मी निमूटपणे मिरच्यांचे देठ खुडले, लसूण घालून ठेचल्या. आक्का पुढच्या खोलीत खोकून बेजार झाली. माझे डोळे कोरडे ते कोरडेच. आक्काने हात टेकले आणि म्हणाली, "आते देवनाच हवाली. सकाय काकडाले चाल मन्हासंगे."

गेले. न जाऊन सांगते कुणाला? थंडी मी म्हणत होती. दिवाळीनंतर नंदुरबारच्या हवेलाच तिखट चढतं, त्यामुळे अभंगाच्या मधेमधे कुणी ना कुणी शिंकत होतं. माझ्या शेजारी चार बाया बसल्या होत्या. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर जाण्याआधी काकडा उरकून घ्यायला आलेल्या. आरतीचं ताट फिरत आलं. त्या चौघींनी ज्योतीवर हात उलटे धरले आणि हाताची पाठ डोळ्यांना लावली. मला वाटलं, असेल काही ह्यांची रीत. मी आपली रीतसर दोन्ही तळवे ज्योतीवर शेकले आणि भक्तिभावाने, म्हणजे आक्का बघत होती म्हणून, डोळ्यांवर दाबले.

मग मला कळलं त्या हात उलटे का धरतात. पण तोवर विठोबा दिसेनासा झाला होता. डोळ्यांत निखारे पडल्यासारखं झालं आणि पाण्याच्या धारा लागल्या. मी जागच्या जागी डोलायला लागले, तोंडातून "विठ्ठला, विठ्ठला" निघायला लागलं, आणि ते मात्र अगदी मनापासून. बुवांना वाटलं, बाईंना भाव आला. त्यांनी संपत आलेला अभंग पुन्हा वरच्या पट्टीत उचलला. कुणीतरी माझ्या पायांना हात लावला. आणि सगळ्या टाळांवरून आक्काचा आवाज आला, "रडनी वं माय! मन्ही भावजाई रडनी!"

शेजारच्या चौघींपैकी एकीने तेवढ्यात माझा हात नाकाशी नेऊन हुंगला. ती उठली, थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली आणि नैवेद्याच्या वाटीतून लोण्याचा गोळा काढून घेतला. पुजारी ओरडले, "अहो बाई, अजून नैवेद्य दाखवायचा आहे!" ती मागे न बघता म्हणाली, "देव थांबी जाई. हिना डोयास्नी आग व्हई ऱ्हायनी." माझं डोकं मांडीवर घेऊन तिने मिटल्या पापण्यांवर लोणी चोळलं. मी म्हणायला गेले, अहो, मी रडत नाहीये, ही कालच्या ठेच्याची मिरची आहे. ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "माले माहीत शे. रडी ले माय. नाव तं मिरचीनंच लागी."

तिची बोटं गार होती. लोण्याचा तो आंबूस वास नाकात गेला, आणि मला माझी गोधडी आठवली, ओठांवरचं ते गार बोट आठवलं, आणि यापुढे कुणी हात न शेकता माझ्यापाशी येणार नाही हे श्रावणानंतर पहिल्यांदा कळलं. मी त्या अनोळखी बाईच्या मांडीत तोंड खुपसून रडले. चारचौघांत, नाक पुसत, सूर सोडून रडले. डोळ्यांची आग केव्हाच शमली होती. देव बिचारा लोण्यावाचून उभा होता.

त्या दिवशी घरी येऊन मी ठेचा-भाकर पोटभर खाल्ली आणि दुपारी गाढ झोपले. ती बाई पुन्हा आली नाही. बाकीच्या तिघी म्हणाल्या, दुसऱ्या पथारीवर काम लागलं तिला. आक्काचं म्हणणं, ती साक्षात रुखमाई होती. मी वाद घालत नाही. एवढंच सांगते की मी विठोबाकडे काही मागितलं नव्हतं, उलट त्याच्याकडे पाठ केली होती. तरी त्याने माझ्यासाठी आपली न्याहारी सोडली. आपण आत सगळं घट्ट बांधून ठेवतो आणि त्यालाच धीर म्हणतो. कुणी मांडीवर डोकं घेतलं, तर ते ठेवून द्यावं, एवढं मला आता कळतं.

कार्तिकी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती होती. मी पुजाऱ्यांच्या हाती वाटीभर लोणी घरून नेऊन दिलं, देवाचं देणं फेडायला. आरतीचं ताट आलं. तळवे शेकून डोळ्यांवर ठेवले, तर पुन्हा धार लागली. आक्काने माझा हात ओढून हुंगला, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "आज तं ठेचा नव्हता ना वं?"

मी पदराने नाक पुसलं. "मिरचीच शे, आक्का," मी म्हणाले.