मामाजींच्या पुढची जागा

आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि सून मामाजींशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नव्हे, रीतच तशी. डोक्यावर पदर घ्यायचा, ते ओसरीत बसलेले असले की मागच्या दारानं जायचं, आणि काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं. आजकालच्या सुना हे काही मानत नाहीत आणि बरंच करतात. पण मी चोवीस वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या मालेगावजवळच्या त्या घरात आले तेव्हा मला हेच शिकवलं गेलं, आणि एकदा अंगवळणी पडलं की पडलं. तसं मला कोणी मुकं म्हणणार नाही. मी अंगणवाडीत आहे. दिवसभर पंचवीस पोरांवर आणि त्यांच्या मायांवर माझं तोंड चालतं. घरी आले की मात्र बंद.

आमच्या दोघांच्या मधे आत्याबाई होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मामाजी दोन हातांवर बसलेले असायचे, तरी त्यांना विचारायचे, "चहा झाला काय, विचार बरं तिले." मी म्हणायचे, "झाला म्हणा." आत्याबाई वैतागायच्या. "मले कायले मधात घेता? कान नाईत काय तुमाले?" असं म्हणायच्या आणि तरी दोन्हीकडचा निरोप इमानदारीनं पोचवायच्या. वर आपल्या पदरचं काही जोडून द्यायच्या. मी भाजी खारट झाली म्हटलं तर तिकडं जाऊन सांगायच्या, "भाजी खारट हाय, पण पोरीचं डोकं दुखून राह्यलं, गुपचूप खाजा." माझं डोकं कधीच दुखत नसायचं.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या आणि मधलं माणूसच उठून गेलं.

त्या गेल्या तेव्हा मी घरी नव्हते, सगळं दुखणं तिथंच होतं. कामरगावला, माझ्या माहेरी, भाचीचं लग्न होतं. आत्याबाईंना दम लागायचा, पण तो काही नवा नव्हता. त्यांनीच आम्हाला काढलं होतं. "तू आत्या हायस तिची, तुह्यावाचून लगन लागते काय? जा." मी आणि माझे मिस्टर आदल्या दिवशी शेलूबाजारावरून कारंज्याला आणि तिथून कामरगावला गेलो. घरी ती दोघं म्हातारी राहिली. लग्न लागलं, पंगती बसायला लागल्या आणि बाराला फोन आला. मामाजींनी सांगितलं, आताच गेली. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मामाजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

त्या दिवसापासून माझ्या मनात बसलं की हा माणूस मला दोष देतो. त्यांच्या बायकोला श्वास मिळत नव्हता आणि मी कामरगावात वरातीपुढं नाचत होते, हे खरंच होतं ना? मी घरी असते तर गाडी बोलावली असती, दवाखान्यात नेलं असतं. मिस्टरांना म्हटलं तर म्हणायचे, तू उगाच विचार करतेस. पण बापाला विचारायची त्यांचीही छाती नव्हती. आणि मी तर विचारणार कशी? मधलं माणूस गेलेलं.

मग आम्ही गाईमार्फत बोलायला लागलो. हसू येतं, पण खरं आहे. मी गोठ्याकडं तोंड करून म्हणायचे, "गाये, ताट वाढलं वं." मामाजी वासराच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "आज भाकर चांगली झाली रे बापा." भाकरीचं, चहाचं, वावरातल्या तुरीचं गाईमार्फत चालून गेलं. पण माझ्यावर राग आहे का, हे गाईला कसं विचारायचं? वर्षश्राद्ध झालं, दुसरी पेरणी झाली, तरी ती गोष्ट माझ्या छातीवरून हलली नाही.

समुद्राचं माझ्या मुलीनं काढलं. ती पुण्यात शिकते. म्हणाली, आजोबांनी समुद्र पाहिला नाही, सोयाबीन निघालं की दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. आम्ही चौघं गेलो. अकोल्याहून रेल्वे, पुढं गाडी, आणि एका सकाळी मालवणच्या बाजूला एका खोलीच्या दारात उभे राहिलो तर समोर पाणीच पाणी.

लोक म्हणतात समुद्र पाहून छाती भरून येते. मला झोप आली. चारही दिवस मी तशा अर्धवट झोपेतच होते. तो आवाज एकसारखा चालू असायचा, खोलीत, जेवताना, अंघोळ करताना. सकाळी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असायचं, दुधात पाणी जास्त झाल्यावर दिसतं तसं, आणि एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. वाळूत बसलं की वाटायचं, आपलं घर, अंगणवाडीचं रजिस्टर, गाय, सगळं कोणी तरी सांगितलेलं आहे, आपलं नाही. मामाजी सकाळपासून वाळूत उकिडवे बसायचे. तिथं गाय नव्हती, म्हणून ते एका भटक्या कुत्र्याला धरून बोलायचे. "एवढं पाणी," ते त्याला म्हणाले, "अन् एकाही वावराच्या कामाचं नाई." मी ऐकावं म्हणूनच म्हणाले असतील. मी कुत्र्याकडं बघून हसले.

तिसऱ्या दिवशी मुलगी तिकिटं घेऊन आली. किनाऱ्यावर एक हवा भरलेलं पिवळं रबरी केळं होतं, पाच-सहा माणसं बसतील एवढं लांब. त्याला दोरीनं मोटरबोटीच्या मागं बांधतात आणि दहा मिनिटं समुद्रात फरफटवून आणतात. पैसे देऊन लोक हे करतात. मुलगी म्हणाली, मी बोटीत बसून व्हिडिओ काढते, तुम्ही तिघं केळ्यावर बसा. माझे मिस्टर, जे शाळेत पोरांना धीटपणाचे धडे देतात, त्यांना अचानक आठवलं की सगळ्यांच्या चपला सांभाळायला कोणीतरी पाहिजे. मीही मागं सरणार होते. तेवढ्यात मामाजी उठले, धोतर सोडून ठेवलं, आतल्या चड्डीवर उभे राहिले आणि मुलीला म्हणाले, "म्या जातो. विहिरीत उड्या मारता मारता जिंदगी गेली माही."

आता बाहत्तर वर्षांचा म्हातारा चाललाय आणि मी चपला सांभाळत बसू? मी गेले.

बोटवाला शांत स्वभावाचा माणूस होता. त्यानं मामाजींना दोनदा विचारलं, छातीचा त्रास आहे का, पोहता येतं का, आणि मग सगळ्यांना जॅकेटं बांधली. पुढं एक नवं लग्न झालेलं जोडपं बसवलं. मग मला म्हणाला, "काकी, तुम्ही त्यांच्या मागं. आजोबा सगळ्यात शेवटी." मी मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली होती. तो म्हणाला, "ओढणी काढून ठेवा. दोरीत अडकली तर गळ्याला फास बसेल."

त्याला काय माहीत तो मला काय काढायला सांगतोय. चोवीस वर्षांत मामाजींनी माझे केस पाहिले नव्हते. मागं पाहिलं तर मामाजींनी तोंड पार दुसरीकडं, माडांकडं वळवलं होतं, आणि मी बसेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. मी ओढणी मिस्टरांकडं फेकली आणि बसले. मागून केळं थोडं दबलं, म्हणजे मामाजी बसले होते. मी त्यांच्या पुढं, उघड्या डोक्यानं, घोड्यावर बसल्यासारखी.

बोट सुरू झाली आणि पहिल्यांदा जोरात हिसका बसला. मग पाणी तोंडावर, केळं उडतंय, आपटतंय, पुढची नवरी किंचाळतेय. मी घाबरेन असं मला वाटलं होतं. घाबरले नाही. माझे केस सुटून वाऱ्यावर गेले आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसायला लागले. किनारा लहान होत गेला. मिस्टर चपलांसकट ठिपका झाले. डोळे मिटले की फक्त आवाज आणि थंडगार शिंतोडे, आणि अंगाला वजनच नाही. झोपेत पडतो आपण कधीकधी, पण खाली जमीनच येत नाही, तसं.

पुढच्या नवरीला मात्र ते सोसेना. ती रडायला लागली, थांबवा थांबवा म्हणून. बोटवाल्यानं लांबूनच हात केला आणि इंजिन बंद केलं. दोरी सैल पडून पाण्यात गेली. केळं जागच्या जागी वर-खाली व्हायला लागलं. नवरा बायकोला समजावत होता, अगदी हळू आवाजात, त्यांचं त्यांना. मुलगी दोरीच्या त्या टोकाला बोटीत होती. एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी रबराला चाटून जाण्याचा तेवढा आवाज. ऊन पाण्यावर पसरलेलं. कोणालाही कुठं जायचं नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागून मामाजी बोलले.

"सूनबाई," ते म्हणाले. "तुही आत्याबाई बाराले नाई गेली. सकाळी आठालेच गेली होती."

मी वळले नाही. वळायची सवयच नव्हती. मी समोरच्या दोरीच्या कडीकडं बघत राहिले.

"लगन साडेअकराचं होतं. पत्रिकेवर पाह्यलं म्या. आठाले फोन केला असता तं तुमाले सुतक लागलं असतं, तुह्याविना अक्षता पडल्या असत्या, नाईतं लगनच थांबलं असतं. म्या दार लावून घेतलं. शेजारच्याले बी सांगतलं नाई. बारा वाजले तवा फोन लावला, अन् सगळ्याईले सांगतलं का आताच गेली."

एक लाट आली, आम्ही वर गेलो आणि खाली आलो.

"तुले तिचं तोंड उशिरा पाहाले भेटलं. चार घंटे म्या लपवलं. तवापासून तुह्याकडे पाहाची हिंमत नाई होत मले. राग हाय काय तुह्या मनात?"

दीड वर्ष जो प्रश्न मी जिभेवर घेऊन फिरत होते, तो ते मलाच विचारत होते. त्या अंगणात त्यांनी मान फिरवली ती रागानं नव्हती. शरमेनं होती. आणि मी खुळी रोज त्या फिरवलेल्या मानेचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडत बसले होते. मला ओरडून सांगायचं होतं की नाही हो मामाजी, राग कसला. पण त्यांच्याशी सुरुवात कशी करतात तेच मला येत नव्हतं.

तेवढ्यात नवरीनं डोळे पुसले, नवऱ्यानं अंगठा दाखवला आणि इंजिन सुरू झालं. दोरी ताठ झाली. पुन्हा सगळं उडायला आपटायला लागलं. मी मनात म्हणत होते, थांब जरा, थांब, मला उत्तर द्यायचंय. किनाऱ्याजवळ आल्यावर बोटवाल्यानं बोट एकदम वळवली. शेवटी मुद्दाम पाडतातच, तिकिटातच असतं ते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. केळं उलटलं आणि मी पाण्याखाली गेले. हिरवट उजेड, नाकात खारट पाणी, आणि मग जॅकेटनं मला बगलेत धरून वर काढलं.

डोळे उघडले तर मामाजी समोर हातभर अंतरावर. मिशा तोंडाला चिकटलेल्या, मुंडासं नाही, टकलावरून पाणी ओघळतंय. मीही तशीच, केस तोंडावर. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडं नीट पाहिलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि माझ्या तोंडून भलतंच आलं.

"मामाजी, चार घंटे तुमी त्या घरात एकलेच बसले?"

"एकला कायचा?" ते म्हणाले. "ते होती ना."

मला हुंदका आला. राग नाही, राग नाही, एवढंच मी कसंबसं दोनदा म्हटलं. त्यांनी मान हलवली. बोट लांबून वळत होती, आम्हाला उचलायला. पाणी आम्हाला हळूहळू हलवत होतं. मग त्यांनी तोंडात आलेलं पाणी थुंकलं आणि जरा संकोचानं विचारलं, "मंग लगन चांगलं झालं काय?"

सुतकाच्या घरात लग्नाचं कोण बोलतं? ज्या लग्नासाठी हा माणूस बायकोच्या उशाशी दार लावून बसला, ते कसं झालं हे त्यांना दीड वर्षात कोणी सांगितलंच नव्हतं. मी केस मागं सारले आणि सांगायला लागले. मांडव केवढा होता, नवरदेव कसा मिरवत आला, भाची हिरव्या शालूत कशी दिसत होती, आणि मी वरातीपुढं किती नाचले.