साडेएकोणचाळीस माणसांची वस्ती

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझं जुनं पत्रक काढून तोंडासमोर धरायला नको. जनगणनेवर बहिष्कार टाका, असं मीच लिहिलं होतं. नेकनूरला जाऊन पिवळ्या कागदावर छापून आणलं होतं. मथळा होता, ‘रस्ता नाही तर मोजणी नाही’. मथळा मला अजूनही आवडतो. खालचा मजकूर मात्र चुकला, आणि तो का चुकला हे लिहायलाच बसले आहे.

राग खरा होता. आमची वस्ती लिंबागणेशच्या बाजूला, डोंगराला लागून. डांबरी सडक संपली की पुढे पाऊण तास पायवाट. पावसाळ्यात चप्पल पायात घालायची नसते, हातात धरायची असते. बाळंतपणाला बाई न्यायची तर बाजेवर घालून चौघांनी सडकेपर्यंत न्यायची. मी बीडला कॉलेजात शिकत होते. मोर्चा, निवेदन, पत्रक यांची चव लागली होती. रस्त्याचा अर्ज घेऊन एका ऑफिसात गेले, तर टेबलामागच्या साहेबांनी दोन कागद उलटे केले, दोन सुलटे केले आणि म्हणाले, “तुमच्या वस्तीची लोकसंख्याच भरत नाही. कागदावर एवढी माणसं दिसत नाहीत.”

“माणसं कागदावर नाही राहत, वस्तीवर राहतात,” मी म्हणाले.

“मग मोजणीच्या वेळी घरी राहायचं की,” साहेब म्हणाले, आणि चहाला गेले.

मोजणीच्या वेळी घरी. मागची माणसांची मोजणी झाली फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमची सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. मी तेव्हा दुसरीत होते, पण शाळेत नव्हते. कारखान्याजवळ उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत होते. इकडे घरांना कुलपं. मोजणाऱ्याने कुलपं पाहिली आणि तो पुढे गेला, असं मागे राहिलेली म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे आम्ही पोटासाठी बाहेर गेलो, तेवढ्यात सरकारने आम्हाला नाही करून टाकलं. मग यंदा उन्हाळ्यात घरांची नोंद करायला येणार असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, आता आम्ही घरी आहोत, पण दार उघडणार नाही. बसा बाहेर.

पत्रकाला आकडा लागतो. आकडा नसला की पत्रक भिकेच्या अर्जासारखं दिसतं. तो घ्यायला मी मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणजे तोडणीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. आमच्याच वस्तीतला, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याला घरच्यांच्या आधी कळतं. तो मोटारसायकलची चेन बसवत होता.

“काका, आपली वस्ती कितीची?”

“साडेएकोणचाळीस,” तो मान वर न करता म्हणाला. “चाळीस लिही. अर्ध्यासाठी कोण भांडतंय.”

मी चाळीस लिहिलं. ‘आम्ही या वस्तीचे चाळीस नागरिक जाहीर करतो की, रस्ता मिळेपर्यंत कोणत्याही मोजणीला सहकार्य करणार नाही.’ लहानपणापासून हा आकडा असाच ऐकत आले होते. त्यात काही चुकतंय असं मनातसुद्धा आलं नाही.

पत्रकं येता येता वस्तीत वाटली, आणि घरी येऊन पहिलं वाचून दाखवलं ते मोठ्या मायला. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलता कर्नाटकातल्या तोडीवरून एका वर्षी परत आलाच नाही. तिकडे त्याचं दुसरं घर झालं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तेव्हापासून मोठी माय आमच्याच अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहते, एक शेळी पाळते आणि हंगामात एकटी तोडीला जाते. तिला वाचता येत नाही, पण ऐकताना ती एक शब्द सोडत नाही.

मी चांगलं आवाज चढवून वाचलं. ती शेळीच्या गळ्यातला दोर सोडवत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “चाळीस काय?”

“चाळीस जण. आपली वस्ती.”

“जण व्हय? मग तुझी माय कुठाय ह्यात?”

“आहे की.”

“न्हाई. तुझा बाप हाय. माय न्हाई. तू बी न्हाईस.” तिने दोर बाजूला ठेवला. “आगं येडे, मुकादमानं तुला कोयते सांगितलेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, आणि दोघांचा मिळून आकडा एक. पोरं, म्हातारी माणसं, कॉलेजात शिकणारी मुलगी, यांचा आकडाच नाही. तोडीला एकटंच माणूस आलं, तर तो अर्धा कोयता.

“अन् ते अर्धं म्हंजी मी,” मोठी माय म्हणाली. “तू तेवढं बी पुसून चाळीस केलंस. लई शिकलीस.”

ती हसत होती. मला हसू यायला जरा वेळ लागला. सरकार आम्हाला मोजत नाही म्हणून ओरडणाऱ्या पत्रकात वस्तीतल्या सगळ्या बाया मी स्वतः गाळल्या होत्या. त्यात मीसुद्धा नव्हते. खाली ‘आपली नम्र’ लिहून सही मात्र माझीच.

मी म्हणाले, आकडा बदलते. पण तिचा मुद्दा आकड्याचा नव्हताच.

“मला ती मोजणी पायजे,” ती म्हणाली. “घरकुलाला गेलते, तर म्हणले तुमी दिराच्या घरातल्या. रेशनला तुझ्या बापाच्या खाली. टोळीत अर्धी. एक बी कागद असा न्हाई की मी हाय, अन् माझं घर हाय.”

मग तिने सांगितलं की शाळेतल्या बाईंनी बायांना समजावलं होतं. मोजणीत घर म्हणजे भिंती नव्हे. जे एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. महिन्यापूर्वी मोठ्या मायने खोलीच्या कोपऱ्यात मातीची चूल घातली होती. आम्हाला वाटलं रुसली. माझ्या आईने तर चार दिवस स्वतःच्या भाजीला नावं ठेवली. आता कळलं, ती रुसली नव्हती, तयारीला लागली होती.

“आन् तू म्हणतीस दाराला कुलूप लावा,” ती म्हणाली. “मला दार कुठाय? पत्रा हाय.”

“माय, हा लढा आहे.”

“कर की लढा. मला मोजल्यावर कर.”

तिचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मी भांडते. ती जित्राबाला पाणी पाजायला निघून गेली, मी एकटीच भांडत बसले. भांडता भांडता लक्षात आलं की त्या साहेबांना नेमकं हेच हवं असणार. आम्ही कुलपं लावायची, आणि त्यांनी पुढची कितीतरी वर्षं म्हणायचं, कागदावर माणसं दिसत नाहीत. मागच्या वेळी कुलपं तोडीमुळे लागली. यंदा ती मी लावत होते.

वाटलेली पत्रकं परत मागण्याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नाही. दोन दिवस घरोघर फिरले. मुकादमाने लांबूनच आवाज दिला, “काय वकीलीणबाई, आज लावायचं का उघडायचं?”

“उघडायचं.”

“रस्ता मिळाला व्हय?”

“नाही मिळाला.”

“मग कावून?”

“तुम्ही मला साडेएकोणचाळीस सांगितलं म्हणून.” मी त्याला हिशेब समजावला. तो बसल्या जागेवरून उठला आणि बोटं दुमडत खरोखर मोजायला लागला. त्याच्या स्वतःच्या घरात आई, बायको, दोन सुना, चार नातवंडं. दाराशी उभी राहून त्याची बायको ऐकत होती. “मला धरा बरं का,” ती म्हणाली, “न्हाईतर भाकरी अर्धीच मिळंल.”

लोकांच्या शंका होत्या. कुणी म्हणालं, जास्त माणसं सांगितली तर रेशन बंद होईल. कुणी म्हणालं, मोबाइलमध्ये भरतात, मग ती माहिती कुठं कुठं जाईल काय सांगावं. ह्या शंकांना मी हसले नाही. आजवर जो कागद आमच्या दारात आला तो काहीतरी न्यायलाच आला, मग नव्या कागदाला कोण भिणार नाही? जे कायद्यात आहे ते सांगितलं. एकेका घराने दिलेली माहिती गुपित ठेवायची असते, त्यावरून कुणाचं काही काढून घेता येत नाही. आणि जे कायद्यात नाही तेही सांगितलं, की मोजल्यामुळे रस्ता येईलच असं नाही. पण न मोजल्यामुळे तो नक्की येणार नाही.

सगळी वस्ती तयार झाली. एकच माणूस अडला, तो माझा बाप.

“वैनीची चूल वेगळी लिवायची न्हाई,” ते म्हणाले. “लोक म्हणतील, भाऊ पळाला अन् ह्यानं भावजयीला घराबाहेर काढलं.”

मी लोकांचा उद्धार केला. त्यांनी माझा केला. आईने दोघांना वाढून दिलं आणि भाजीत मीठ कमी आहे का ते विचारलं.

नोंदीला बाई आल्या त्या शाळेतल्याच. स्कूटर सडकेवर ठेवून पाऊण तास चालत. पहिल्यांदा पाणी मागितलं, मग म्हणाल्या, “ह्या वाटेने रोज कसे जाता हो तुम्ही?” तेवढ्यावर माझं त्यांच्याशी जमलं. मोबाइल काढून त्या आमच्या ओट्यावर बसल्या.

“कुटुंबात किती माणसं?”

“पाच,” वडील म्हणाले. “आमी नवराबायको, दोन लेकरं अन् वैनी.”

पत्र्याच्या खोलीतून आवाज आला, “चार.”

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “जेवण एकत्र असतं का?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. भरल्या घरात कधी मध्ये न बोलणारी माझी आई. “न्हाई बाई. म्हैना झाला. मीठ मागायला बी येत न्हाई.”

वडिलांनी आईकडे असं पाहिलं की जणू तीही चूल घेऊन निघाली. “लोक म्हणतील, वैनीला काढलं,” ते बाईंना म्हणाले, अगदी तक्रार द्यावी तसे.

मोठी माय बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. “काढलं कुणी भावजी? मीच निघाले. चार पावलावर तर हाय. हाक मारली तर ओ देते का न्हाई?”

“देते,” वडील म्हणाले.

“मग?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “मावशी, एक सांगते. मी वेगळं कुटुंब लिहीन, कारण ते आहे. पण ह्यावरून घरकुल मिळेल असं समजू नका. त्याचा अर्ज वेगळा.”

“घरकुल मी मागून घेईन. तुमी निस्तं हाय ते लिवा.”

बाई उठून तिच्या खोलीत गेल्या. चूल पाहिली. शेजारी दोन पातेली, एक तवा, पिठाचा डबा. मोठी माय मोबाइलसमोर अशी बसली की जशी फोटोला.

“कुटुंबप्रमुखाचं नाव?”

तिने स्वतःचं नाव सांगितलं. मी ते तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वस्तीत ती कुणाची तरी वैनी, कुणाची माय, कुणाची मावशी. ते नाव फार छान आहे.

“जमीन?” “मातीची.” “छत?” “पत्रा.” “पाणी?” “हापसा.” “लाइट?” इथे ती थांबली आणि वडिलांकडे पाहिलं, कारण वायर आमच्या घरातून गेली होती. “हाय की लाइट,” वडीलच घाईने म्हणाले. “मुख्य धान्य कुठलं खाता?” “हितं बाजरी. तोडीवर तांदूळ. ह्यांच्यात होते तवा गहू.” बाईंना हसू आवरेना.

“एकूण माणसं?”

“एक.”

“जोडपी?”

“शून्य. जोडी लागत न्हाई ना मोजायला?”

“नाही हो. एकट्या माणसाला एक मोजतात.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

बाईंबरोबर मी पुढची घरं केली. रस्ता अजून झालेला नाही, आणि मी त्या ऑफिसात जाणं सोडलेलं नाही. फेब्रुवारीत माणसांची मोजणी येईल तेव्हा वस्ती पुन्हा फडात असेल. म्हणून यंदा टोळीबरोबर मीही जाणार आहे, कोपीकोपीत मोजणारा येईपर्यंत. दार बंद करणं हा निषेध आहे हे मी मानते. पण ज्याला आधीच कुणी पाहत नाही, त्याने दार बंद केलं तर कळणार कुणाला?

परत आले तेव्हा वडील अंगणात उगाच इकडून तिकडे फिरत होते. ते पूर्वी तिच्या खोलीत सरळ शिरायचे, हवं ते उचलायचे. आज उंबऱ्याच्या बाहेर थांबले होते. आतून चहाचा वास येत होता.

“या की भावजी,” मोठी माय म्हणाली. “पाव्हण्यानं बाहीर उभं राहू न्हाई.”

ते आत गेले, पोत्यावर बसले, बशीत ओतून चहा प्यायले. “चांगला झालाय वैनी.”

“व्हईल न्हाई तर. पत्ती तुमच्याच डब्यातली हाय.”

“मग परत आणून द्या.”

“आणते की,” ती म्हणाली, “तुमी तुमच्या घरी असा म्हंजी झालं.”