मल्हाररावांचा डावा हात

पद्मावतीला वॉर्डात सगळे ‘किवी अक्का’ म्हणत. किवी म्हणजे कन्नडात कान. पेशंट कुठलाही असो, ती आधी त्याला हात कानाला लावायला सांगे, म्हणून हे नाव. नव्या नर्सेस पाठीमागे फिदीफिदी हसत आणि तिला ते ठाऊक होतं. हसू देत बापड्यांना. या हट्टामागे एक शिंपी आहे, हे सांगत बसायला तिला सवड नव्हती.

तिचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती नर्सिंग शिकायला निघाली, तेव्हा भावानं घर डोक्यावर घेतलं. लोकांचं हगणं-मुतणं काढणार का, म्हणाला. काढीन, म्हणाली. एकोणीसशे एकसष्टपर्यंत ती मेंदूच्या वॉर्डची मुख्य नर्स झाली होती आणि भाऊ जरा डोकं दुखलं की तिच्याकडेच धावत होता.

त्या साली दसऱ्यानंतर मल्हारराव आले. चिकपेटेत त्यांचं शिलाईचं दुकान. मशीन चालवता चालवताच डोक्यात कळ उठली आणि ते कोसळले. रक्तात औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत दिसलं की मेंदूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय आणि तो एकदा फुटून गेलाय. पुन्हा फुटला तर माणूस हाती लागत नाही. रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून आतूनच फुगा बुजवायची सोय तेव्हा नव्हती. डॉक्टर रघुपतींकडे एकच उपाय होता. मानेतल्या उजव्या मोठ्या रक्तवाहिनीला चिमटा लावायचा आणि त्याचा स्क्रू रोज थोडा थोडा आवळायचा, म्हणजे फुग्यावरचा जोर उतरतो. पण आवळताना मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त कमी पडलं, तर तिच्या ताब्यातला डावा हात लुळा पडू लागतो. तसं दिसलं की त्याच घटकेला चिमटा सैल करायचा. म्हणून दर दोन तासांनी डावा हात तपासायचा, आणि शिंप्याचा डावा हात म्हणजे सुईखाली कापड सरकवणारा हात.

हाताचा जोर दाखवायला नर्सची बोटं दाबायची असत, पण परक्या बाईची बोटं दाबायला मल्हारराव लाजत. म्हणून इंग्लंडहून आलेल्या सिस्टरनं त्यांच्या डाव्या तळव्यावर बँडेजची गुंडाळी ठेवली आणि मला द्या, म्हणाली. त्यांनी ती उजव्या हातानं उचलून दिली. तिनं पुन्हा ठेवली, त्यांनी पुन्हा तसंच केलं. तिनं कागदावर लिहिलं, डावा हात चालत नाही. चिमटा सैल झाला.

पद्मावती ड्यूटीवर आली, कागद वाचला आणि तिला हसू आवरेना.

“डॉक्टर, हात चांगला आहे. डाव्या हातानं बाईमाणसाला वस्तू द्यायची म्हणजे काय! जीव गेला तरी देणार नाहीत हे.”

रघुपतींनी कपाळाला हात लावला. “यापुढं देणं-घेणं बंद. डावा हात कानाला लावायला सांगायचा. दर वेळी.”

स्क्रू पुन्हा आवळायला घेतला. दोन दिवस कानाचा कार्यक्रम चालला. “स्वल्प थांबा की अक्का, कानच काढून देतो,” मल्हारराव म्हणत.

तिसऱ्या दिवशी स्क्रू शेवटपर्यंत आला. दुपारी बाराला वॉर्डात गर्दी होती. मल्हाररावांच्या उशाशी तीच गुंडाळी पडलेली दिसली. “द्या बघू ती,” पद्मावती जाता जाता म्हणाली. त्यांनी उजव्या हातानं उचलून दिली. तिला पुन्हा हसू आलं.

“सरी, बरं अण्णा, तुम्ही नाही सुधारायचे.”

कागदावर ‘हात ठीक’ लिहून ती पुढच्या खाटेकडे गेली. कान राहिला.

दोन वाजता ती परत आली तेव्हा त्यांचा डावा हात खाटेखाली लोंबत होता. चिमटा लगेच सैल केला. दंडात जोर परत आला, बोटांत आला नाही. पुढं आठवडाभर फार सावकाश स्क्रू पुन्हा आवळला आणि फुगा काही परत फुटला नाही.

तिनं रघुपतींना सगळं सांगितलं. “कान विचारला असता तरी बोटं गेलीच असती, कदाचित,” ते म्हणाले. तो ‘कदाचित’ तिच्या घशाखाली कधी उतरला नाही. डॉक्टरांच्या वहीत पेशंटांचे तीन रकाने होते: बरा, अधू, गेला. मल्हाररावांचं नाव तिनं स्वतः ‘अधू’खाली लिहिलं. त्यांना सांगायचा मात्र तिला धीर झाला नाही.

ते दर वर्षी तपासणीला येत. मशीनवर आता मुलगी विमला बसे, ते खडूनं कापडावर रेघा मारून देत. चौसष्ट साली विमलाचं लग्न ठरलं आणि ते चिरोट्यांचा पुडा घेऊन आले. पुडा त्यांनी डाव्या तळव्यावर ठेवला, उजव्या हातानं खालून मनगट धरलं आणि पुढं केला.

“डाव्या हातानं देतोय, अक्का. राग मानू नका.”

तिला राहवेना. “अण्णा, त्या दुपारी मी तुम्हाला कान विचारला नाही.”

“ठाऊक आहे की. हात तेव्हाच गेला होता. मला कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही हसलात. म्हटलं, यांनी बघितलंय, म्हणजे ठीकच असणार.”

तिनं दोन्ही हातांनी पुडा घेतला. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत. मग वही उघडली.

“हात कानाला लावा, अण्णा.”

“आता विचारताय होय?” म्हणत त्यांनी दंड उचलला. मनगट कानापर्यंत पोचलं. बोटं खाली लोंबत राहिली.