मावशीच्या फोनवरचा माइक

लोक महागडा फोन घेतात आणि त्यावरून फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून अमरावतीहून अकोल्याला मावशीकडे गेलो की मी आधी तिचा फोन हातात घेतो, मग पाणी पितो. मागच्या खेपेस मी त्यातली अक्षरं मोठी केली आणि कीबोर्डवरचा माइक दाखवला. "यात बोल, तो आपोआप लिहितो."

मावशीने लगेच माइक दाबून लेकीच्या सासूला निरोप सांगितला. "विहीणबाई, पापड पोचले. लय छान झाले." मग माइक तसाच चालू ठेवून ती माझ्याकडे वळली. "छान कायचे? नुसतं मीठ हाये!" आणि तिने पाठवायचा बाण दाबला.

फोनने इमानदारीने सगळं लिहिलं होतं. मी मेसेज पुसायला झेपावलो, पण तोवर निळ्या टिक्स उमटल्या होत्या. मावशी कपाळाला हात लावून बसली.

थोड्या वेळाने विहीणबाईंचा व्हॉइस मेसेज आला. "तुमी पाठवलेलं लोणचं आमी गाईले घातलं. तिनं बी नाई खाल्लं."

मावशी आधी लाल झाली, मग ठसका लागेपर्यंत हसली. लेकीच्या लग्नापासून "बरे आहात ना" एवढंच बोलणाऱ्या या दोघी त्या दिवशी तासभर फोनवर एकमेकींच्या स्वयंपाकाची सालटं काढत होत्या.

पाठवण्याआधी एकदा वाचत जा, असं मी मावशीला निघताना बजावलं.

"कावून वाचू?" ती म्हणाली. "मंग मजा काय राह्यली?"