विथचं शेपूट

माझी आत्या इंग्रजी शिकवायची. शाळेतून निवृत्त झाली तरी तिचं शिकवणं सुटलं नव्हतं आणि शेवटची विद्यार्थिनी म्हणून मी तिच्या तावडीत सापडले होते. आमचं कापडाचं दुकान हुबळीत, दुर्गदबैलात. कॉलेजसाठी मी धारवाडला मळमड्डीत तिच्याकडे राहायला गेले आणि बघता बघता पाच वर्षं राहिले. मी एम.ए.ला इंग्रजी घ्यायचं म्हटलं तेव्हा माझ्या वडिलांना, अप्पांना, ते मुळीच पटलं नव्हतं. आत्यानं त्यांना फोनवर तीन वाक्यांत गप्प केलं होतं.

दर शनिवारी सकाळी ती माझ्याकडून इंग्रजी क्रियापदं करून घ्यायची. 'गेट', 'लुक', 'पुट' असली एवढीएवढीशी क्रियापदं आणि त्यांच्यामागे लागणारे 'अप', 'ऑफ', 'विथ'. या मागच्या शब्दांना ती शेपूट म्हणायची.

"क्रियापदाला भिऊ नको, शेपटाला भी. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं आणि लुक डाउन ऑन म्हणजे तुच्छ लेखणं. बघणं दोन्हीकडं तेच."

मी कुरकुरले की म्हणायची, "मराठीत काय वेगळं आहे? अंगात येतं, अंगावर येतं, अंगाशी येतं. परक्या माणसानं काय करावं, सांग की." मग घड्याळाकडे बघून "साकु" म्हणायची. साकु म्हणजे कानडीत पुरे. तो शब्द आला की तास संपला.

तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. दूध उतू गेलं तर बोलणी, पुस्तक पालथं ठेवलं तर बोलणी, मैत्रिणीशी फोनवर हसले तरी दारात येऊन उभी. गेल्या वर्षी अशाच एका कारणावरून मी भडकले आणि म्हणाले, "या घरात श्वाससुद्धा तुला विचारून घ्यावा लागतो." आत्या बोलत नाही म्हणजे काय, ते मला पुढच्या तीन दिवसांत कळलं. घरात फक्त कामापुरते शब्द उरले होते.

चौथ्या दिवशी माझ्या परदेशातल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. अर्जासोबत स्वतःबद्दल दोन पानं लिहायची होती. ती छापून मी सकाळी तिच्या टेबलावर ठेवली. "संध्याकाळी पाठवायचं आहे, जरा बघतेस?" एवढं विचारलं. तिनं मान हलवली. समेटाची एक खिडकी उघडली असं मला वाटलं आणि एका कागदावर अप्पांची सही आणायला मी हुबळीला गेले.

परतीच्या बसमध्ये, उणकलच्या तळ्याजवळ, मी सहज मोबाइलवर तीच पानं वाचायला घेतली. दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, 'फॉर फाइव्ह इयर्स आय पुट अप विथ माय आंट इन धारवाड.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

आमच्या या दोन्ही गावांत सगळे असंच बोलतात. "व्हेअर आर यू पुटिंग अप?" असं कुणी विचारतं आणि आपण "विथ माय अंकल" म्हणून मोकळे होतो. पुट अप म्हणजे उतरणं, मुक्काम करणं. पण वाक्यात त्याला थेट विथचं शेपूट लागलं की अर्थ होतो सोसणं. हे मला कुणी शिकवलं होतं? तिनंच, एका शनिवारी. आणि मी तिलाच लिहून दिलं होतं, की पाच वर्षं मी धारवाडच्या आत्याला सोसलं. तेही भांडणाच्या चौथ्या दिवशी!

मी फोन लावला. उचलला नाही. कागद तपासताना ती फोन स्वयंपाकघरात ठेवते, हे मला माहीत होतं. तरी पुन्हा लावला, पुन्हा लावला. बस प्रत्येक थांब्यावर आरामात थांबत होती आणि माझा त्या चढणाऱ्या प्रत्येक माणसावर राग निघत होता. ही नुसती चूक आहे, असं सांगायचं मी मनात घोकत होते. पण खरी भीती वेगळी होती. चूक शेपटाची होती, अर्थ मात्र खरा होता. मी सोसलंच होतं की तिला. तिनं विचारलंच तर काय सांगू?

घरी पोचले तेव्हा ती टेबलापाशी बसली होती. लाल पेन उघडं होतं. पहिल्या पानावर स्वल्पविराम दुरुस्त झाले होते, एक 'द' घातलेला होता. त्या वाक्याला मात्र तिनं हात लावला नव्हता. त्याच्यावर तिचं बोट होतं.

"चुकून लिहिलंस की मुद्दाम?"

"चुकून. देवाशपथ चुकून."

"ते कळलं. आता खरं आहे की खोटं, ते सांग."

खोटं सांगितलं असतं तर तिला ते पहिल्या अक्षराला कळलं असतं. "अगदीच खोटं नाही," मी म्हणाले आणि रडू लागले.

तिनं पेन उचललं. आता विथ खोडणार, असं मला वाटलं. तिनं 'आय' आणि 'माय आंट' यांच्याभोवती अदलाबदलीची लाल वेलांटी काढली आणि 'आय'चं 'मी' केलं. इंग्रजीतलं मी, म्हणजे मला. पाच वर्षं आत्यानं मला सोसलं.

"हेही खोटं नाही," ती म्हणाली. "तुझे ओले टॉवेल, तुझं तोंड, सगळं. आता यातलं कुठलं पाठवतीस ते तू बघ."

मी डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि साधं 'लिव्ह्ड विथ' लिहिलं. आत्याजवळ राहिले. विथ तेच, पण सोसणं कुठंच नाही. स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिनं चष्मा सरकवून वाचलं.

"यात आपलं काहीच आलं नाही," ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघितलं. "पण परक्यांना एवढं साकु."