संयोगिताताईंचा पाट

बडोद्यातल्या पाणीगेटच्या संयोगिता मोहित्यांनी लग्न केलं नाही. वाघोडियाच्या कारखान्यात राबून धाकट्या भावाचा संसार उभा केला, तरी हळदीकुंकवाला ओटी भरताना भावजय स्नेहलता त्यांना वगळायचीच.

डोळ्यांच्या ऑपरेशनआधी कारखान्यातल्या स्टेलाबेन त्यांना फतेगंजच्या चर्चमध्ये डोळ्यांची राखण करणाऱ्या संत लुसीपुढे मेणबत्ती लावायला घेऊन गेल्या. तिथे गोष्ट कळली. देवाला वाहून घेतलेल्या लुसीनं लग्न नाकारलं, म्हणून रोमचे शिपाई तिला ओढून न्यायला आले. बैल जुंपले, तरी ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी तिला तिथेच मारलं.

नवरात्रात स्नेहलतानं कुमारिकांचे पाय धुवायला पाट मांडले. चिमुरड्यांच्या रांगेत पन्नाशीच्या संयोगिताताई मांडी ठोकून बसल्या.

"वन्सं, हे काय? उठा!"

"मीही कुमारिकाच. पाय धू, नाहीतर बैल जुंप."